दुष्टपणाचं निदान करावं का?

सांजवारा:
एखादी भयंकर बातमी आली की कोणीतरी म्हणतंच, "हा मनोरुग्णच असणार, धड डोक्याचा माणूस असं करूच शकत नाही." आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे, मग मानसशास्त्र दुष्टपणाला सरळ एक विकार म्हणून मान्यता का देत नाही, निकष ठरवा, तपासा, निदान करा. हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट चर्चा व्हावी म्हणून धागा काढतेय.

मागणी तशी जुनीच आहे. १८३५ मध्ये प्रिचर्ड नावाच्या इंग्लिश डॉक्टरने 'मॉरल इन्सॅनिटी' मांडली, म्हणजे बुद्धी शाबूत, भास नाहीत, भ्रम नाहीत, पण भावना आणि वागणूक पार बिघडलेली. १९४१ मध्ये अमेरिकेत क्लेक्लीने सायकोपथचं वर्णन केलं, बाहेरून गोड, हुशार, बोलायला एकदम छान, आणि आत पश्चात्तापाचा मागमूस नाही. १९८३ मध्ये स्कॉट पेक या मानसोपचारतज्ज्ञाने तर थेटच म्हटलं की दुष्टपणा हा एक विशिष्ट मानसिक आजार मानून त्याचा अभ्यास व्हायला हवा.

माझं मत आधीच सांगते, करू नये. निदान कशासाठी करतात? पुढे काय होईल याचा अंदाज यावा, काही उपाय सापडावा, आणि पेशंटला कळावं की बाबा रे यात तुझी चूक नाही. दुष्टपणाच्या बाबतीत ही तिसरी गोष्ट तर आपल्याला नकोच आहे, उलट चूक त्याचीच आहे हे ठासून सांगायचंय.

शिवाय जे आत्ता आहे त्याचीच अवस्था बघा. १९८० पासून डीएसएममध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या विकारांच्या अधिकृत यादीत, 'अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर' आहे. वारंवार कायदा मोडणं, खोटं बोलणं, मारामाऱ्या, बेजबाबदारपणा, पश्चात्ताप नसणं असे निकष. २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच देशांतल्या तुरुंगांच्या पाहण्या एकत्र करून एक पेपर आला, त्यात पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्के या निकषांत बसत होते. जवळजवळ अर्ध्या तुरुंगाला लागू पडणारं लेबल, त्यात सराईत भुरटा चोरही आला आणि थंड डोक्याने छळ करून मारणाराही आला, मग त्यातून नक्की कळलं काय? तो असा का वागतो, तर डिसऑर्डर आहे म्हणून. डिसऑर्डर आहे हे कशावरून, तर तो असा वागतो यावरून!

निर्मोही:
विषय चांगला काढलात पण अजिबात सहमत नाही.

लक्षणांवरून निदान, मग लक्षणांचं स्पष्टीकरण निदानातून, हा आक्षेप अर्ध्या मानसोपचाराला लागू होतो. डिप्रेशनची तरी कुठे रक्ताची टेस्ट आहे, मायग्रेनची आहे का? आधी लक्षणांचा गठ्ठा ओळखायचा, त्याला नाव द्यायचं, मग त्या नावाखाली संशोधन होतं, पैसा येतो, कारणं हळूहळू कळतात, वैद्यकशास्त्र असंच पुढे गेलंय. नावच द्यायचं नाही म्हटल्यावर अभ्यास कशाचा करणार?

आणि आजार म्हटलं की दोष जातो हे कोणी सांगितलं? दारूचं व्यसन आपण आजार मानतो, तरी पिऊन गाडी चालवून कोणाला उडवलं तर शिक्षा होतेच की. दोन्ही एकत्र नांदतात.

मेंदूचा भाग वेगळाच. १९६६ मध्ये टेक्सासमध्ये चार्ल्स व्हिटमनने आधी आईला आणि बायकोला मारलं आणि मग युनिव्हर्सिटीच्या टॉवरवरून लोकांवर गोळ्या झाडल्या. त्याने चिठ्ठीत स्वतःच लिहून ठेवलं होतं की मेल्यावर माझी तपासणी करा, माझ्यात काहीतरी बिघडलंय. शवविच्छेदनात मेंदूत ट्यूमर निघाला. २००३ मध्ये आणखी एक केस छापून आली, चाळिशीतला माणूस, आधी असलं काही नाही, अचानक लहान मुलांबद्दल लैंगिक ओढ सुरू झाली, स्कॅनमध्ये ट्यूमर दिसला, काढल्यावर ओढ गेली, ट्यूमर परत वाढला तशी ओढ परत आली. हे वाचूनही "आजार नाही" म्हणायचं?

तळटीप:
निर्मोही, दोन्ही केसमध्ये निदान 'ट्यूमर' आहे, 'दुष्टपणा' नाही. डॉक्टरला ट्यूमर सापडला त्या क्षणी आपण त्या माणसाला दुष्ट म्हणणं थांबवतो. मग ही उदाहरणं तुमच्या बाजूची कशी?

ओलावा:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, काही वर्षं कैद्यांचं मूल्यांकन करायचं काम केलंय, म्हणून थोडं आतलं लिहिते.

सायकोपथी मोजायची हेअर चेकलिस्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. २० मुद्दे, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४०. मोठी मुलाखत घ्यायची आणि सोबत फाइल वाचायची, म्हणजे जुने गुन्हे, शाळेच्या नोंदी, नातेवाइकांचे जबाब. फाइलशिवाय गुण देऊच नयेत असा नियम आहे कारण समोरचा बोलण्यात पटाईत असू शकतो. उत्तर अमेरिकेत ३० च्या पुढे सायकोपथ म्हणायची पद्धत आहे, युरोपात बऱ्याच ठिकाणी २५ धरतात. म्हणजे २७ गुणांचा माणूस समुद्राच्या एका किनाऱ्यावर सायकोपथ आणि दुसऱ्यावर नाही!

आता 'पश्चात्ताप नसणं' या एका मुद्द्याचं बघा. समोर माणूस बसलाय, तो म्हणतो, "झालं ते वाईट झालं, पण ती पण गप्प बसली नाही ना." मी ० देऊ, १ देऊ की २ देऊ? हाच माणूस आवाज खाली करून, डोळ्यांत पाणी आणून तेच बोलला तर माझा हात १ कडे जातो. आणि ज्याला भावना दाखवताच येत नाहीत, लहानपणापासून मार खाऊन खाऊन जो दगड झालाय, तो सरळ चेहऱ्याने "हो, मी चुकलो" म्हणतो, तेव्हा हात २ कडे जातो. मॅन्युअल आहे, ट्रेनिंग आहे, तरीही.

२०१३ मध्ये एक अभ्यास झाला, शंभराहून जास्त फॉरेन्सिक, म्हणजे कोर्टासाठी मूल्यांकन करणाऱ्या, मानसतज्ज्ञांना त्याच त्याच फाइली दिल्या, काहींना सांगितलं तुम्ही सरकारी पक्षाकडून, काहींना सांगितलं बचाव पक्षाकडून. सरकारी पक्षाकडून आहोत असं वाटणाऱ्यांनी त्याच माणसांना जास्त गुण दिले. वर्षानुवर्षं घासून तयार केलेल्या साधनाची ही गत आहे, दुष्टपणा मोजायला लागलो तर काय होईल?

आणि निर्मोही, सायकोपथी हे वेगळं निदान म्हणून डीएसएममध्ये आजही नाही. लोकांना वाटतं की ते आहे.

रातराणी:
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सगळे प्रतिसाद वाचले, माहिती भरपूर आहे, पण एक बाजू येत नाहीये म्हणून लिहिते.

माझा घटस्फोट झालाय. नवऱ्याने कधी हात उचलला नाही. एकदा मला एका इंटरव्ह्यूला जायचं होतं, आदल्या दिवशी माझी सर्टिफिकेटची फाइल सापडेना. अख्खी संध्याकाळ तो माझ्याबरोबर शोधत होता, कपाटं उपसली, पलंगाखाली वाकून बघितलं, मला पाणी आणून दिलं, "तू हल्ली फार विसरायला लागलीयेस, काळजी वाटते तुझी" म्हणाला. फाइल त्याच्या ऑफिसच्या बॅगेत होती. मला कितीतरी महिन्यांनी कळलं. विचारलं तर हसला आणि म्हणाला, "बघत होतो तू काय करतेस."

त्याला पैसे मिळणार नव्हते, सूड नव्हता, काही नव्हतं. त्याला बघायला आवडत होतं.

समुपदेशकाकडे गेलो तर तिथे तो इतका साळसूद, इतका समजूतदार, की शेवटी मलाच ॲन्झायटीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला असं सांगितलं गेलं. कागदावर निदान कोणाचं झालं? माझं. त्याच्या कागदावर काहीही नाही, तो पूर्ण निरोगी. म्हणून मला तुमचं 'लेबल नको' ऐकताना त्रास होतो. मला ते लेबल हवं होतं. कोणीतरी शिकलेल्या माणसाने लिहून द्यायला हवं होतं की हे जे केलं जातंय ते असं असं आहे, हिच्या मनाचे खेळ नाहीत.

सांजवारा:
रातराणीताई, हे इथे लिहिलंत, खरंच सोपं नव्हतं. बॅगेतल्या फाइलची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. उत्तर घाईत देत नाही.

ओलावा:
रातराणीताई, तुमच्यावर जे गुदरलं त्यात माझ्या व्यवसायाचाही वाटा आहे, त्यामुळे हे मनापासून लिहितेय. तुम्हाला तुमच्या अनुभवाची खातरजमा हवी होती आणि ती देणं त्या समुपदेशकाचं कामच होतं. ते झालं नाही.

पण दुष्टपणाचं निदान अस्तित्वात असतं तरी त्या खोलीत ते कोणाला मिळालं असतं याचा विचार करा. तो शांत, तुम्ही रडवेल्या. तो सलग सांगू शकत होता, तुमचं मागचं-पुढचं होत होतं, कारण छळ झालेल्या माणसाचं तसंच होतं. अशा खोलीत जो शांत असतो त्याच्यावर विश्वास बसतो. म्हणजे नवीन शिक्का तयार झाला असता तर त्याने तोही तुमच्याकडेच सरकवला असता, "ती मला मुद्दाम त्रास देते, तिला काही वाटतच नाही" म्हणून. मी हे होताना पाहिलंय.

तुम्हाला जे नाव हवं होतं ते त्या माणसाला नको, त्या वागण्याला हवं. आणि ते देता येतं. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने जवळच्या नात्यातलं 'कंट्रोलिंग किंवा कोअर्सिव्ह' वागणं, म्हणजे सततचं दडपण, एकटं पाडणं, हालचालींवर नियंत्रण, हाच गुन्हा ठरवला. हात उचललाच पाहिजे असं नाही. नवऱ्याच्या डोक्यात काय आहे हे सिद्ध करायला लागत नाही, त्याने वारंवार काय केलं आणि बायकोवर त्याचा काय गंभीर परिणाम झाला हे दाखवायला लागतं.

साक्षीदार:
कायद्याचा विषय निघालाच आहे तर. (वकील आहे, पण हा सल्ला समजू नये.)

वेडाच्या बचावाचा पाया म्हणजे १८४३ चे मॅक्नॉटन नियम. डॅनियल मॅक्नॉटनने ब्रिटिश पंतप्रधान पील यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली, भ्रमाच्या भरात केलं म्हणून तो सुटला, गदारोळ झाला आणि मग न्यायाधीशांनी कसोटी घालून दिली: आपण काय करतोय हे कळत होतं का, आणि ते चूक आहे हे कळत होतं का. दुष्ट माणसाला दोन्ही कळत असतं, किंबहुना म्हणूनच तो लपवून करतो. १९६२ च्या अमेरिकन मॉडेल पीनल कोडमध्ये (राज्यांसाठीचा नमुना फौजदारी कायदा) तर मुद्दाम लिहिलंय की ज्या विकाराचा पुरावा म्हणजे फक्त वारंवार केलेले गुन्हे आणि समाजविरोधी वागणं, तो 'मानसिक आजार' धरायचा नाही. सांजवारा यांचा गोल फिरण्याचा मुद्दा कायद्याने साठ वर्षांपूर्वीच ओळखला.

निर्मोही म्हणतात दोष आणि आजार एकत्र नांदतात. कागदावर नांदतात, कोर्टात नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १८१ न्यायाधीशांना एकच काल्पनिक खटला दिला, आरोपी सायकोपथ. निम्म्यांना सोबत सांगितलं की याच्या मागे मेंदूची अमुक जैविक कारणं आहेत. त्या गटाने सरासरी एक वर्ष कमी शिक्षा दिली. जैविक कारणाचं नाव निघालं की हात सैल होतो.

आणि उलटही होतं, ते जास्त भीतीदायक आहे. १९९७ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने कॅन्ससचा कायदा वैध ठरवला, त्यानुसार लैंगिक गुन्हेगाराची शिक्षा पूर्ण भोगून झाली तरी 'मानसिक विकृती' आहे आणि धोका आहे असं दाखवून त्याला पुढेही बंद ठेवता येतं. अशा माणसाबद्दल मला काडीची सहानुभूती नाही, पण शिक्षा संपल्यावर डॉक्टरच्या कागदावर माणसाला आत ठेवायची वाट एकदा उघडली की त्या वाटेने पुढे कोणाला नेतील सांगता येत नाही. सोव्हिएत रशियात सरकारविरोधी बोलणाऱ्यांना 'मंदगती स्किझोफ्रेनिया' ठरवून इस्पितळात डांबत. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला आजार ठरवून त्याला नाव दिलं होतं. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात म्हणूनच लिहिलंय की समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक मूल्यांप्रमाणे कोणी वागत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. दुष्टपणाचं निदान या कलमाच्या बरोबर विरुद्ध दिशेला जातं.

निर्मोही:
साक्षीदार, माहितीपूर्ण प्रतिसाद, पण गैरवापर झाला म्हणून निदानच नको हे पटत नाही. सोव्हिएत डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचा गैरवापर केला, म्हणून आपण स्किझोफ्रेनिया रद्द केला का? नाही ना. मग इथेच वेगळा न्याय का?

सांजवारा:
निर्मोही, हा आत्तापर्यंतचा तुमचा सगळ्यात ताकदीचा मुद्दा आहे.

माझं उत्तर असं. स्किझोफ्रेनियातून 'चांगलं-वाईट' पूर्ण काढून टाका, तरी आजार शिल्लक राहतो, आवाज ऐकू येतात, विचार तुटतात, माणूस स्वतः हाल भोगतो. भला माणूस असो की नीच, आजार तोच. दुष्टपणातून चांगलं-वाईट काढून टाका, काय उरतं? सहानुभूती कमी असणं, भीती कमी वाटणं, धोका पत्करणं. या प्रत्येकाचा अभ्यास जरूर करा, चालूही आहे. पण असे गुण असलेले कितीतरी लोक आयुष्यभर कोणाचं वाकडं करत नाहीत.

आणि याच्या उलट बाजूने बघा, माझ्यासाठी खरा मुद्दा तोच आहे. १३ जुलै १९४२, पोलंडमधलं युझेफुफ गाव. नाझी जर्मनीतल्या हॅम्बुर्गची राखीव पोलीस बटालियन १०१, पाचशेच्या आसपास माणसं, बरीचशी मध्यमवयीन, कोणी गोदीत काम केलेलं, कोणी ट्रक चालवलेला, बायकापोरं असलेली. त्यांचा मेजर ट्राप पहाटे त्यांना उभं करून सांगतो की गावातल्या ज्यूंना गोळा करायचंय, कामाजोगे पुरुष वेगळे काढायचे आणि बाकीच्यांना, बायका, मुलं, म्हातारे, जंगलात नेऊन गोळ्या घालायच्या. सांगताना त्याचा आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी होतं. आणि मग तो म्हणतो, तुमच्यातल्या वयस्कर लोकांपैकी ज्याला हे झेपणार नाही त्याने पुढे यावं. एक जण पुढे येतो. त्याचा कॅप्टन त्याच्यावर भडकतो, पण ट्राप कॅप्टनला गप्प करतो. मग आणखी दहा-बारा जण येतात. त्यांना काहीही शिक्षा होत नाही. बाकीचे जातात आणि रात्रीपर्यंत किमान पंधराशे माणसं मारली जातात. काही जण मध्येच थांबले, काही लपून राहिले, पण बहुतेकांनी काम पूर्ण केलं.

या पाचशे जणांना हेअर चेकलिस्ट लावली असती तर किती जण ३० च्या वर गेले असते? मूठभर, फार तर. बाकीचे सगळे नॉर्मल. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्याच्या वेळीही नाझी नेत्यांना शाईच्या डागांची चाचणी दिली होती, केली आणि गिल्बर्ट हे दोघे तज्ज्ञ तीच माणसं बघून उलट निष्कर्षांना पोचले, केली म्हणाले यांच्यात खास वेगळं काही नाही, गिल्बर्टना विकृती दिसली. माणसाच्या हातून घडलेली सगळ्यात मोठी क्रौर्यं अशा लोकांनी केलीत ज्यांना कुठल्याही दवाखान्यातून निरोगी असल्याचं सर्टिफिकेट मिळालं असतं. दुष्टपणा हा विकार ठरला की ही सगळी माणसं यादीबाहेर जातात आणि आपणही त्यांच्याबरोबर निर्धास्त होतो.

तळटीप:
+१. मिलग्रमचे प्रयोगही हेच सांगतात (प्रयोग घेणारा सांगतोय म्हणून दुसऱ्या माणसाला वाढत्या व्होल्टचे विजेचे झटके देत जायचे; झटके खोटे, पण देणाऱ्याला ते माहीत नाही), १९६३ च्या पेपरमध्ये ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले.

रातराणी:
सांजवारा, युझेफुफचं वाचून सुन्न झाले. पण एक विचारू? त्या माणसांना कोणीतरी हुकूम दिला होता, शेजारी मित्र उभे होते, लढाई चालू होती. माझ्या घरात हुकूम देणारं कोणी नव्हतं. तो एकटा होता आणि त्याला आवडत होतं. हे दोन्ही एकाच नावाखाली कसं घालता? तुमचं उत्तर पहिल्या प्रकाराला लागू आहे, दुसऱ्याला नाही.

सांजवारा:
बरोबर आहे, हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि माझं उदाहरण तुमच्या प्रकाराला लागू नाही. दुसऱ्याच्या त्रासात मजा वाटणं ही काही माणसांची खरीखुरी, टिकाऊ वृत्ती असते, त्यावर संशोधनही आहे. पण वृत्ती असणं आणि त्याप्रमाणे फाइल लपवणं यांच्यामध्ये एक निर्णय असतो आणि तो तुमच्या नवऱ्याने घेतला. त्या संध्याकाळी पाणी आणून देताना तो खूप काळजीपूर्वक वागत होता, समुपदेशकासमोर तर त्याहून जास्त. ज्याला इतकं सांभाळून, माणूस बघून वागता येतं त्याला थांबताही येत होतं. मला त्याच्याकडून हे काढून घ्यायचं नाहीये. त्याला आजारी म्हटलं तर तुम्ही इतकी वर्षं एका आजाराबरोबर राहिलात असं होईल, आणि ते खरं नाही.

रातराणी:
हे पटतंय. पूर्ण नाही, पण पटतंय. त्याला आजारी ठरवून माफ करायचा सल्लाही मला घरच्यांकडून मिळाला होता, तो का नकोसा वाटला ते आत्ता लक्षात येतंय.

निर्मोही:
रातराणी, तुमच्या प्रतिसादांमुळे चर्चा पुस्तकी राहिली नाही, आभार. मोठ्यांच्या बाबतीत मी माझा आग्रह आवरता घेतो. पण लहान मुलांचं काय? दहा-बारा वर्षांचा मुलगा प्राण्यांचे हाल करतोय, धाकट्या भावाला चटके देतोय, रागावलं तर ढिम्म. आई-बाप हवालदिल आहेत. तिथे 'निदान नको' म्हणणं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणं. आणि उपचार होतात! विस्कॉन्सिनमध्ये मेंडोटा नावाचं केंद्र १९९५ पासून अशाच, सगळ्यांनी हात टेकलेल्या मुलांवर काम करतंय आणि तिथून बाहेर पडलेल्यांमध्ये हिंसक गुन्हे नेहमीच्या सुधारगृहातल्या मुलांपेक्षा बरेच कमी आढळले.

ओलावा:
मेंडोटाचं उदाहरण दिलंत ते फार बरं झालं. तिथे शिक्षेवर भर नाही, कारण या मुलांवर शिक्षेचा परिणामच होत नाही, उलट ती आणखी कडक होतात. रोजच्या वागण्यावरून उद्याच्या सवलती ठरतात, मुलगा हल्ला करून आला तरी त्याच्याशी बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो. आता विचार करा, त्या मुलाच्या फाइलवर पहिल्याच पानावर 'दुष्ट' असं निदान असतं तर तो कर्मचारी दुसऱ्या दिवशी किती आशेने आला असता.

त्या आई-बापांसाठी आजही निदान आहे. 'कंडक्ट डिसऑर्डर', आणि २०१३ च्या डीएसएम-५ पासून त्याला 'सामाजिक भावना मर्यादित' अशी जोड देता येते. अपराधीपणा नाही, दुसऱ्याची पर्वा नाही, भावना उथळ, अशा चारपैकी किमान दोन गोष्टी वर्षभर, आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हव्यात, म्हणून आई-बाप, शिक्षक सगळ्यांना विचारायचं. अँटीसोशल पर्सनॅलिटीचं निदान १८ च्या आत करायचंच नाही असं तिथेच लिहिलंय, कारण या मुलांपैकी बरीच मोठेपणी तशी होत नाहीत. तुम्ही सांगताय तसा मुलगा ओळखीत असेल तर वाट बघू नका, बाल-मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि धाकट्या भावाला आधी सुरक्षित करा. त्याला चटके बसतायत हे अशा घरांत सगळ्यात शेवटी लक्षात येतं.